लंडन बघून घे

सातारा,
८ जून २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, लंडन राहू दे, फार महाग आहे." ते रात्रभर डोक्यात राहिलं. परीक्षा संपली आहे, प्रबंधाचं काम सुरू व्हायला आठवडाभर अवकाश आहे, मित्र बोलावतायत आणि लीड्सहून लंडन सव्वादोन तासांवर. तरी तू जात नाहीस. कारण मला माहीत आहे. प्रत्येक पौंडाला तू ११५ ने गुणतोस आणि कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर आणतोस. अरे, कर्ज आम्ही सगळे मिळून फेडणार आहोत. पण सप्टेंबरात अभ्यासक्रम संपला आणि परत यावं लागलं, तर लंडन बघायला पुन्हा कधी जमेल?

मी चार महिने राहिले आहे तिथे. २०२२ च्या मे महिन्यात ताईच्या बाळंतपणाला आले, आणि त्याच महिन्यात ती एलिझाबेथ लाइन नावाची नवी रेल्वे सुरू झाली. दुपारी बाळाला बाबागाडीत घालून मी बाहेर पडायची. ताईकडे पैसे मागायचे नाहीत, असं ठरवूनच गेले होते. पेन्शनमधले थोडे पौंड जवळ होते, त्यात जेवढं बघून झालं तेवढं इथल्या माणसांना सांगून खरं वाटत नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो हो" म्हणून ठेवून देतोस.

आधी गाडीचं. तुझ्याकडे विद्यार्थ्यांचं रेलकार्ड आहे ना? नसेल तर ३५ पौंडांत वर्षभराचं मिळतं आणि तिकिटावर एक-तृतीयांश सूट मिळते. रेल्वेचं तिकीट आधी काढलंस तर स्वस्त, ऐनवेळी काढलंस तर डोळे पांढरे होतील. तेही परवडत नसेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाला जाणारी कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस आहे. वेळ दुप्पट लागतो, पण तू तर एसटीने सातारा-नागपूर केलेला मुलगा.

लंडनला उतरलास की ऑयस्टर कार्ड (पैसे भरून भाड्यासाठी टेकवायचं कार्ड) घे आणि ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरच्या माणसाला सांगून तुझं रेलकार्ड त्याला जोडून घे. मग गर्दीच्या वेळा सोडून भाडं आणखी एक-तृतीयांश कमी पडतं. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात. ही सूट नुसतं बँकेचं कार्ड टेकवून मिळत नाही. पुष्कळ मुलांना हे वर्ष संपेपर्यंत कळत नाही. आणि एक पक्कं ध्यानात ठेव. आत जाताना जे टेकवलंस तेच बाहेर येताना टेकव. मी एकदा आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना ताईचा फोन टेकवला, तर यंत्राने दोन वेगळे प्रवासी धरले आणि दोघांनाही जबर भाडं लावलं.

पण खरं सांगू का, ट्यूब कामापुरतीच वापर. शहर बसमधून दिसतं. बसचं भाडं १.७५ पौंड (माझ्या वेळी १.६५ होतं), आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. दिवसभर बसनेच हिंडलास तर ५.२५ पौंडांच्या पुढे एक पेनी जात नाही. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसायचं. ट्रफाल्गर स्क्वेअरहून १५ नंबरची घेतलीस की सेंट पॉल्स चर्चवरून थेट टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यापर्यंत जाते. २४ नंबरची हॅम्पस्टेड हीथपासून कॅम्डनमार्गे वेस्टमिन्स्टरला आणते. त्या लाल उघड्या पर्यटक-बसवाल्यांना हेच दाखवायचे कितीतरी पौंड मोजावे लागतात.

आणि नकाशा न बघता ट्यूबमध्ये शिरू नकोस. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे. आपल्या राजवाड्यावर चहाला जाण्याइतकं. तरी लोक खाली उतरून पूर्ण भाडं भरतात.

आता बघायचं काय. तिथली राष्ट्रीय संग्रहालयं सगळ्यांना फुकट आहेत, काही आधीपासूनच आणि उरलेली २००१ च्या डिसेंबरपासून. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, साउथ केन्सिंग्टन भागातली तिन्ही संग्रहालयं. मी हे ऐकून होते, पण पहिल्यांदा आत जाताना कोणी अडवेल म्हणून दारात घुटमळले. कोणी अडवलं नाही. मोठ्या प्रदर्शनांना वेगळं तिकीट असतं, ते सोडून दे. दाराशी देणगीची पेटी असते. देणं सक्तीचं नाही, मी मात्र दर वेळी एक पौंड टाकत आले. तुला जमेल तेव्हा टाक.

फुकट आहे म्हणून एका दिवसात तीन-तीन उरकू नकोस. तिकीट नसल्याचा फायदाच हा की तासभर एकच दालन बघावं, पाय दुखले की बाहेर यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. ब्रिटिश म्युझियममध्ये मी चारदा गेले, त्यातल्या दोनदा फक्त अमरावतीच्या स्तूपाचे दगड बघायला. आंध्रातला तो पांढरट दगड, त्यावरची ती माणसांची दाटी, आणि बाहेर पाऊस. तिथे उभं राहिल्यावर आनंद होतो की वाईट वाटतं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तू बघ आणि मला सांग. शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं आहेत, ती चुकवू नकोस.

सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी ही मोठी चर्चं बघायला पंचवीस-तीस पौंड पडतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र कोणालाही मोफत बसता येतं. मी सेंट पॉल्सला बसले होते. भाषा सगळी कळली नाही, पण मुलांचे आवाज त्या घुमटात चढत गेले तेव्हा काकड आरतीला येतात तसे काटे आले अंगावर. पण पैसे वाचवायला म्हणून जाऊ नकोस. प्रार्थनेला बसावंसं वाटलं तरच जा, फोन बंद ठेव, आणि मध्येच उठू नकोस.

उंचावरून शहर बघायचं असेल तर तिकीट काढून 'लंडन आय'च्या मोठ्या चाकात बसायची गरज नाही. फेन्चर्च स्ट्रीटवर स्काय गार्डन आहे, पस्तिसाव्या मजल्यावर, मोफत. फक्त आधी नोंदणी करावी लागते आणि जागा पटापट जातात, त्यामुळे पत्र वाचून झालं की आधी तेच कर. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे म्युझियम बंद झाल्यावरही तुझ्या हातात चार तासांचा उजेड उरतो, आणि नदीकाठाने वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंत चालायला त्याहून चांगली वेळ नाही.

एका ठिकाणी पैसे घाल असं मी सांगेन. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात रंगमंचासमोर उभं राहून नाटक बघायची तिकिटं पाच पौंडांपासून मिळतात. वर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा रेनकोट ने. तीन तास उभं राहावं लागतं. मी साठीला टेकलेली बाई उभी राहिले, तू राहशीलच.

खाण्याचं सांगते, आणि इथे नीट ऐक. खाण्यात हात आखडता घ्यायचा नाही. बिस्किटांवर दिवस काढलेस तर तिसऱ्या दिवशी आजारी पडशील. दुपारी टेस्को किंवा तसल्या दुकानात 'मील डील' मिळतं, सँडविच, काहीतरी तोंडात टाकायला आणि पेय, चार पौंडांच्या आसपास. संध्याकाळी त्याच दुकानांत पिवळ्या चिठ्ठ्या लावून माल उतरवतात, तेव्हा ब्रेड, फळं, दही घेऊन ठेव. ज्या वसतिगृहात स्वयंपाकघर आहे तेच निवड. सकाळी पोहे करून घेतलेस की अर्धी लढाई जिंकलीस. लीड्सहून निघताना दशम्या आणि मी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी बांधून घे. पाण्याची बाटली विकत घेऊ नकोस, नळाचं पाणी चांगलं आहे. गरम जेवण हवंच वाटलं तर युस्टन स्टेशनमागे ड्रमंड स्ट्रीट आहे, तिथे आपलं शाकाहारी जेवण मिळतं, भेळसुद्धा.

ताईच्या वाढदिवसाला आम्ही नदीजवळच्या एका हॉटेलात गेलो होतो. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं होतं, आणि मला ते माहीत नसल्यामुळे मी वर आणखी टीप ठेवली. ते शुल्क बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतं. बिल वाच. सेवा आवडली असेल तर जरूर दे, पण दोनदा नको.

राहायची जागा मध्यभागीच हवी असा हट्ट धरू नकोस. स्टेशनच्या जवळ, मध्यापासून तिसऱ्या भाडे-झोनमध्ये चालेल. सुट्टीत तिथली विद्यापीठं आपल्या वसतिगृहांतल्या खोल्या बाहेरच्यांना देतात, तेही बघ. तिघे मिळून जाताय तर खोलीचे पैसे आधीच वाटून घ्या, मागाहून मैत्रीत खडा नको. मात्र दहा पौंड वाचवायला रात्री उशिरा निर्जन रस्त्याने चालायला लागेल अशी जागा घेऊ नकोस. तिथे मी काटकसर मानत नाही. रस्त्यात फोन हातात धरून उभा राहू नकोस, सायकलवरून येऊन हिसकावतात. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर तीन पेल्यांखाली चेंडू शोधायचा खेळ मांडलेला असतो. जिंकणारे त्यांचेच असतात. थांबूसुद्धा नकोस.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनला उतर. तिथून पाच-सात मिनिटांवर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. दहा नंबरच्या घरावर पाटी आहे, लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले. चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर बदनामीचा खटला भरला होता, त्यासाठी ते लंडनला आले होते. खटला हरले आणि खर्चाने पार पिळून निघाले. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघ. जवळच लिटल व्हेनिस, कालवा आणि त्यातल्या रंगीत होड्या. त्या रीजंट्स कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालायला लाग. सुरुवातीला कालवा बोगद्यात शिरतो, तेवढा तुकडा वरच्या रस्त्याने जावं लागतं, मग पुन्हा खाली पाण्याशी. पुढे रीजंट्स पार्क येतं, प्राणिसंग्रहालयाचा जाळीचा उंच पिंजरा काठावरूनच दिसतो. तिथून वर चढून प्रिमरोझ हिलवर ये. सगळं लंडन पायाशी दिसतं, एक पैसा लागत नाही.

टेकडीच्या पलीकडे किंग हेन्रीज रोड. तिथेही नंबर दहाच. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत घेऊन आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ते १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला आले होते. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत. तू म्युझियमच्या मधल्या चौकात जाशील तेव्हा ती गोल इमारत दिसेल, तीच ती. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि प्रवेशाला तिकीट नाही.

मी तिथवर पोचले, पण आत गेले नाही. वाटेत बाळ रडायला लागलं, पायऱ्यांवरून बाबागाडी उचलत उशीर झाला, आणि दार बंद झालं होतं. पुन्हा जाऊ म्हटलं, आणि सप्टेंबरात परतीची तारीख आली. तीस वर्षं वर्गात मुलांना बाबासाहेब शिकवले आणि त्यांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारातून परत फिरले, याची चुटपुट अजून जात नाही. वेळा आधी बघून ठेव, आणि दुपारीच पोच.

पोस्टातली माझी आरडी पुरी झाली आहे. मोडलेली नाही, मुदतीने पुरी झाली, हे बाबांनाही विचारून घे. त्यातले वीस हजार उद्या तुझ्या खात्यात टाकतेय. साधारण १७० पौंड होतील. हे हप्त्याचे पैसे नाहीत आणि किराण्याचेही नाहीत. परत आल्यावर उरले म्हणून सांगू नकोस.

किंग हेन्रीज रोडवरून मला व्हिडिओ कॉल कर. तुझ्याकडे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, मी स्वयंपाकाला लागायच्या आधी फोन हातात घेऊन बसेन. आत परवानगी असेल तर हळूहळू फिरव, घाई करू नकोस. मला खोल्या नीट बघायच्या आहेत.

बाबांचे आशीर्वाद. चटणी संपली असेल तर कळव.

तुझी,
आई