पाचवीच्या वर्गासाठी सूर्यमाला

पुणे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सदा,
स. न. वि. वि.

तिळगूळ पोचला, सोबतची चिठ्ठीही वाचली. देवगडच्या मुलांना सूर्यमाला शिकवायला घेतोयस आणि धड्यातल्या ओळी नुसत्या वाचून दाखवायचं तुझ्या जिवावर येतंय, हे वाचून मला फार आनंद झाला. तू दोन-चार मुद्दे मागितलेस. मी जरा ऐसपैस लिहितो.

आधी भिंतीवरचा तो तक्ता काही दिवस गुंडाळून ठेव. त्यात आठही ग्रह सूर्याला खेटून रांगेत उभे असतात आणि मुलांच्या डोक्यात तेच चित्र जन्मभर राहतं. त्यापेक्षा शाळेच्या भिंतीवर खडूने १ मीटर ४० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढ. तो सूर्य. या मापाने आपली पृथ्वी टपोऱ्या हरभऱ्याएवढी आणि भिंतीपासून १५० मीटरवर. तेवढं अंतर मुलांना हातात हरभरा घेऊन चालायला लाव. गुरू पाऊण किलोमीटरहून थोडा लांब. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, म्हणजे पार पलीकडच्या गावात. मधे सगळं रिकामं. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ठेवायचा तर ४० हजार किलोमीटर, म्हणजे अख्ख्या पृथ्वीला एक फेरी घालावी लागेल. हे एकदा पायांना कळलं की पुढचं शिकवणं सोपं होतं.

मग सूर्य. सूर्यमालेतल्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून जास्त एकट्या सूर्यात आहे. बाकी सगळं, गुरूसकट, उरल्यासुरल्या कणभरात आलं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, गाभा दीड कोटी अंश. त्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं आणि दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन पदार्थाची ऊर्जा होते. सूर्यात आग लागलेली आहे असं बहुतेक मुलं समजतात. तिथे जळत काहीच नाही, अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात, हे त्यांना आवर्जून सांग. नुसता जळता गोळा असता तर तो ४६० कोटी वर्षं टिकलाच नसता. गाभ्यातून निघालेल्या ऊर्जेला धडका खात पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात, आणि तिथून आपल्या अंगणात यायला ८ मिनिटं २० सेकंद.

हेलियमची गोष्ट तर तुमच्या दारातली. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. ते अभ्यासायला परदेशी शास्त्रज्ञ आले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला उतरले होते. सूर्याच्या कडेचा प्रकाश रंगांत पसरवल्यावर त्यात एक पिवळी रेषा दिसली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेषा ठरलेल्या असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडातून, ग्रहण नसताना, ती टिपली. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची ती नव्हती. हेलियम आधी सूर्यावर सापडला आणि पृथ्वीवर हाती लागायला १८९५ साल उजाडलं. तुमच्या जवळच्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून लॉकयर यांना हेलियम इथेच सापडला असं सांगतात. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते, म्हणून ती गोष्ट तशीच सांगू नकोस. तरी सहल गडावर नेलीस तर १८६८ च्या ग्रहणाबद्दल बोलायला त्याहून चांगली जागा नाही.

ग्रहांची माहिती पाठ करून घेऊ नकोस. प्रत्येक ग्रहाला मुलांनी दोनच प्रश्न विचारावेत: तू सूर्यापासून किती लांब, आणि तू केवढा? सगळे एकाच वायू-धुळीच्या ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मले. सूर्याजवळच्या उष्णतेत बर्फ टिकला नाही, म्हणून तिथे खडक आणि धातूंचे लहान ग्रह झाले. मंगळाच्या पलीकडे बर्फ टिकला, तिथे मोठे गाभे तयार झाले आणि त्यांनी भोवतालचा हायड्रोजन-हेलियम ओढून घेतला. पुढचं बरंचसं या दोन उत्तरांतून उलगडत जातं.

बुधाला फार वेळ देऊ नकोस. लहान, जवळ, हवा जवळजवळ नाही. म्हणून दिवसा ४३० अंश आणि रात्री उणे १८०. एवढं पुरे.

शुक्रापाशी मात्र थांब. आकाराने तो पृथ्वीची जुळी बहीण आणि बुधाच्या जवळजवळ दुप्पट लांब. मग बुधापेक्षा थंड असायला हवा ना? नाही. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश तापमान आहे, रात्रंदिवस. हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना एक दिवस विचार करू दे. उत्तर हवेत आहे: ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, आपल्या ९२ पट दाब. आत आलेली उष्णता बाहेर पडू शकत नाही. सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं तग धरून होतं. तेवढ्यात त्याने रंगीत छायाचित्रं पाठवली. आणि मुलींना हे नक्की सांग: शुक्रावरच्या जवळजवळ सगळ्या जागांना स्त्रियांची नावं देतात आणि तिथल्या एका विवराला आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव आहे.

पृथ्वीबद्दल एकच. थंडी असते म्हणजे सूर्य लांब गेलेला असतो, असं वर्गातली निम्मी मुलं सांगतील. या महिन्याच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सर्वांत जवळ होतो, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत आपण १५ कोटी २१ लाखांवर असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून.

मला सगळ्यात जास्त चटका लावतो तो मंगळ. तिथे नद्यांची कोरडी पात्रं आहेत, तळ्यांच्या तळाशी साचलेले गाळाचे थर आहेत. पाणी वाहत होतं, यात आता शंका नाही. मग गेलं कुठे? तुझा दुसरा प्रश्न इथे कामी येतो: तू केवढा? मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश. लहान गोळा लवकर निवतो. त्याचा गाभा निवला, चुंबकीय कवच गेलं, आणि सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांनी त्याची हवा हळूहळू अवकाशात उडवून नेली. आता उरलेल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. सूर्यापासूनच्या अंतरापेक्षा लहान आकाराने त्याचा घात केला असं मला वाटतं. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला, पहिल्याच प्रयत्नात, तिथे पोचलं. तुझी मुलं तेव्हा जन्मलीही नसतील. त्यांना ते सांगायला हवं.

गुरू सध्या रात्रभर दिसतोय, मिथुन राशीत, पुनर्वसूच्या जोडीजवळ. शाळेत साधी दुर्बीण असेल तर ती भिंतीला नीट टेकवून धर. शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. ते गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले चार चंद्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, जागा बदललेल्या असतील. मुलांनी वहीत रोज त्यांच्या जागा काढाव्यात, एवढी एक गोष्ट केलीस तरी माझ्या मते सगळा धडा वसूल. सगळंच पृथ्वीभोवती फिरत नाही, हे गॅलिलिओला याच ठिपक्यांनी दाखवलं.

शनी संध्याकाळी पश्चिमेला आहे. त्याची कडी बहुतांशी बर्फाच्या तुकड्यांची. विस्तार लाखो किलोमीटर आणि जाडी बऱ्याच ठिकाणी काही दहा मीटर. तुझ्या गावात साडेसातीची भीती घराघरात असणार. मुलांना हिशेब करू दे: शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत जवळपास अडीच वर्षं. तीन राशींची झाली साडेसात. ज्या पूर्वजांनी नुसत्या डोळ्यांनी ही गती मोजली त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. त्या गतीला घाबरावं असं मात्र तिच्यात काही नाही.

युरेनस कुशीवर झोपल्यासारखा फिरतो, म्हणून त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षं उजेड, ४२ वर्षं अंधार. नेपच्यून आधी कागदावर सापडला: युरेनसची चाल चुकतेय म्हणून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी गणिताने जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तो त्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. प्लूटोबद्दल कुणी ना कुणी विचारेलच. त्याच्या भागात त्याच्यासारखे पुष्कळ गोळे सापडले, म्हणून २००६ पासून तो बटुग्रह. त्याला कुणी हाकलून दिलेलं नाही, तो होता तिथेच आहे.

एक गोष्ट कडक शब्दांत सांग: सूर्याकडे दुर्बिणीतून कुणीही, कधीही बघायचं नाही. डोळा क्षणात जातो. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून येणारी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्या. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या ‘आदित्य-एल१’ यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण इथे पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तयार झाली; त्यातली काही चित्रं छापून पुढच्या आठवड्यात पाठवतो.

माझ्याकडची तीन इंची दुर्बीण फेब्रुवारीत घेऊन येईन. अमावास्येच्या आसपासची रात्र ठरव आणि कळव. तोवर मुलांचे प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव.

वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश