तक्रार पत्र: पॅनेलवर ३८, पाण्यात ४३

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: घरगुती हॉट टब तापमान चुकीचे दाखवतो; वॉरंटीत दुरुस्ती नाकारल्याबाबत

महोदय,

दिवाळीत तुमच्या पुण्यातील शोरूममधून आम्ही चार जणांचा हॉट टब घेतला. सासूबाईंचे गुडघे थंडीत आखडतात, शेक मिळावा म्हणून हा खर्च. त्यांना रक्तदाब आहे, त्यामुळे पाणी जास्त गरम नको, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तुमच्या माहितीपुस्तिकेतही कमाल मर्यादा ४० अंशच छापली आहे.

मागच्या आठवड्यात पॅनेलवर ३८ बघूनच त्या पाण्यात उतरल्या आणि थोड्याच वेळात "गरगरतंय गं" म्हणत काठ धरून बसल्या. त्यांना बाहेर काढून थर्मामीटर पाण्यात सोडला, तर ४३!

तुमच्या तंत्रज्ञाने सेन्सर काढून नखाने खरवडला. चुन्यासारखा पांढरा थर निघाला. क्षार बसले की सेन्सरला पाणी आहे त्यापेक्षा गार वाटते आणि हीटर चालूच राहतो, हे त्यानेच सांगितले. वर म्हणाला, "बोअरचं पाणी आहे मॅडम, वॉरंटीत बसत नाही."

बोअरचे पाणी आज आले का? विक्रीआधी तुमचा माणूस जागा बघायला आला तेव्हा टाकीचे झाकण त्याने स्वतः उघडले होते. पाण्यातले क्षार कमी करणारा सॉफ्टनर बसवा, असे तो एका शब्दाने बोलला नाही. सुगंधी क्षारांची बरणी मात्र गळ्यात मारली. आणि सेन्सर चुकला तरी ४० च्या वर टब आपोआप बंद पडायला नको? यावर अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

"दोन तासांत गरम" हा तुमचा दावासुद्धा थापच. १,१०० लिटर पाणी २२ वरून ३८ अंशांवर न्यायला साधारण २० युनिट वीज लागते. तुमचा हीटर ३ किलोवॉटचा, म्हणजे सात तास झाले. हा हिशेब दहावीचा मुलगाही करील.

सेन्सर विनामूल्य बदलावा, जादा तापमानाला टब बंद होतो हे आमच्यासमोर तपासून लेखी द्यावे आणि सॉफ्टनरचा खर्च तुम्ही सोसावा. पंधरा दिवसांत हे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती, पॅनेल आणि थर्मामीटर एकत्र दिसणारा फोटो