नानांचं मोडी दप्तर वाचवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या मंगळवारी जेल रोडवर तुमच्या दुकानात आले, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तुमचे धड आभारही न मानता निघाले, ते मनाला लागून राहिलंय. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जुन्या लॅपटॉपात आयुष्यभराचं काम ठेवलेली आमच्यासारखी घरं इंदुरात पुष्कळ असतील.

आमचे नाना ७७ वर्षांचे. रामबागेतल्या घरात निघालेले होळकरशाहीतले मोडी कागद ते ११ वर्षं देवनागरीत उतरवताहेत. घरखर्चाचे हिशेब, सोयरिकीची पत्रं, विहिरीच्या वाटणीचा एक लांबलचक तंटा. लॅपटॉप सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागू लागली, फाईल उघडली की सगळं जागच्या जागी थिजायचं. आधी जिथे नेला तिथे एका वाक्यात निकाल लागला: "विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारून देतो." मी हो म्हणणारच होते.

तुम्ही आधी लॅपटॉपला कान लावलात. मग मलाही ऐकायला लावलंत. बारीक टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. नंतर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून धोक्याची पिवळी पट्टी दाखवलीत आणि एकेका ओळीवर बोट ठेवून समजावलंत. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहिती साठवायचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे डिस्कला वाचता आले नाहीत, पण ज्यांचा निकाल अजून लागायचाय ते. दोन्हींचे आकडे शून्याच्या बरेच वर होते. सी७ मात्र शून्य, म्हणजे जोडणी ठीक, दुखणं डिस्कच्या आतच. गिऱ्हाइकाला इतकं उलगडून सांगणारं दुकान मी तरी पाहिलं नव्हतं.

मी विंडोजमधल्या चेकडिस्क या डिस्क-दुरुस्तीच्या सोयीचं विचारलं, तर तुम्ही हातच आडवा धरलात. दुरुस्तीच्या नावाखाली ते सगळी डिस्क घासून वाचतं, फाईलींच्या नोंदी बदलतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते करायचं नाही. "आधी प्रत, मग उपचार, ताई." नानांना हे फार पटलं. जीर्ण कागद हाताळण्याआधी ते त्याचा फोटो काढतात, तसंच हे.

डिस्क काढून तुम्ही लिनक्सच्या मशीनला जोडलीत आणि डीडीरेस्क्यू हा बिघडत्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम लावलात. जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडलेल्या जागी हट्ट न धरता पुढे जायचं, आणि त्या जागांकडे शेवटी वळायचं. कुठवर आलो याची नोंद तो ठेवतो, म्हणून मधेच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. आवाज वाढला तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवू, हेही तुम्ही आधीच सांगितलंत. खोटा धीर दिला नाहीत, याचं मोल मला आज जास्त कळतं. रात्री साडेअकराला तुमचा फोन आला, "चाललंय, झोपा आता." त्या फोननंतर नाना जेवले.

माझ्या मुलानं विचारलं होतं, आकडे चांगले असते तर निर्धास्त राहायचं का? तुम्ही २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी केलेल्या अभ्यासाचं सांगितलंत. एक लाखाहून जास्त डिस्क त्यांनी पाहिल्या, आणि बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. तेव्हापासून नानांच्या कामाच्या दोन प्रती असतात, एक आमच्याकडे आणि एक वडोदऱ्याला आत्याकडे.

तीन फाईली सोडून सगळं हाती आलं. त्या तिन्हींचे मूळ कागद घरातच होते. नानांनी भिंग घेऊन ते पुन्हा उतरवले, त्यातला विहिरीचा तंटा कालच पुरा झाला. रविवारी सकाळी पोह्यांना या. तो कागद तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचाय, म्हणून नाना वाट बघताहेत.

तुमची,
रामबागेतली ताई