परळ वाटणे सोपे, घासणे अवघड

संपादक महोदय,

२० मार्चचा चिमणी दिन आला की गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, पतसंस्था आणि शाळा पाखरांच्या पाण्यासाठी मातीचे परळ वाटतात. वाटपाचे छायाचित्र छापून येते आणि उपक्रम संपतो. पाखरांची तहान मात्र मेअखेरपर्यंत टिकते. तोवर वाटलेले परळ कुठे कोरडेठाक पडलेले असतात, तर कुठे शेवाळलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत असतात. या उन्हाळ्यात ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी मांडतो.

परळ फूट-सव्वा फूट व्यासाचा आणि उथळ घ्यावा. कडेला इंचभर आणि मध्ये फार तर दोन इंच पाणी पुरे. चिमणीचे पाय जेमतेम बोटाच्या पेराएवढे. खोल कुंड्यात ती उतरत नाही आणि उतरली तर बुडण्याची भीती. खोल भांडेच हाताशी असेल तर त्यात पाण्यावर डोके काढतील एवढे दोन-तीन खडबडीत दगड ठेवावेत. स्टील आणि चिनी मातीवर पाय घसरतात, शिवाय स्टील उन्हात तापते. नवा परळ दिवसभर पाण्यात बुडवून मगच वापरावा, नाहीतर पहिले पाणी तोच पितो. मुलांकडून परळ ऑइल पेंटने रंगवून घेण्याची हौस मात्र आवरावी. रंगाने मातीची छिद्रे बुजतात, माठासारखे पाणी गार राहत नाही आणि पुढे पोपडे पाण्यात पडतात.

जागा दुपारभर सावलीची हवी. तीन-चार फूट उंचीचा कट्टा उत्तम. झुडूप सहा ते आठ फुटांवर असावे: अगदी लगत असले तर मांजर त्यात दबा धरते, फार लांब असले तर शिक्रा आल्यावर पाखरांना लपायला जागा उरत नाही. तारेने टांगलेला परळ वाऱ्याने हिंदकळतो आणि साळुंकी काठावर बसली की कलंडतो.

खरे काम इथून पुढचे. रोज सकाळी उरलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतावे, आतली बाजू आणि काठ काथ्याने, चिमूटभर वाळू घेऊन घासावेत, मग ताजे पाणी भरावे. साबण नको. नुसती वरून भर घालणे सर्वांत वाईट. डेंगी पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पाण्याची पातळी पुन्हा वर चढली की फुटतात. उन्हाळ्याच्या उष्णतेत आठवडाभरात अळीचा डास होतो. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भिंत घासावीच लागते. एकाऐवजी दोन परळ ठेवले तर एक वापरात आणि दुसरा उन्हात वाळत, असा फेर धरता येतो. कबुतरे आणि होले यांच्या घशाचा एक आजार घाण पाण्यातून पसरतो. त्यालाही हाच उपाय.

पाण्याशेजारी दाणे टाकू नयेत. फोलपटे आणि विष्ठा पाण्यात पडतात, कबुतरे जागा बळकावतात आणि चिमण्या मागे हटतात. दयाळ, कोतवाल, वेडा राघू हे किडे खाणारे. तुमच्या ज्वारी-बाजरीकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. फरसाण आणि पाव तर कुणालाच नको.

एवढे नीट झाले की बघण्याचा आनंद फुकट मिळतो. दुपारी चारनंतर दहा-पंधरा फुटांवर, हालचाल न करता बसावे. बुलबुल जोडीने येतात, साळुंक्या अर्धा परळ उडवून रिकामा करतात, दयाळ अंधार पडता पडता एकटा येतो. शिंजीर परळात क्वचितच उतरतो. शेजारच्या झाडाच्या पानांवर पाणी शिंपडून ठेवा, ओल्या पानांवर अंग घासून तो अंघोळ उरकतो. कधी शिक्राच पाण्यात बसलेला दिसतो आणि अंगण एकदम चिडीचूप होते.

उन्हाने घार किंवा घुबड खाली पडले तर चोच उघडून पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी असते, पाणी थेट तिथे जाते. भोके पाडलेल्या खोक्यात कापड अंथरून, अंधारात, गार जागी ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिसे फुटलेले, खाली उड्या मारणारे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते; मांजर जवळ असेल तर फांदीवर ठेवावे आणि दूर व्हावे.

गावाबाहेर पाणवठे बांधणाऱ्या मंडळांनाही एक विनंती. उभ्या भिंतींचा सिमेंटचा हौद बांधू नका. पाणी खाली गेले की ससा, घोरपड, मुंगूस आत उतरतात आणि वर चढता न आल्याने बुडून मरतात. पाणवठा बशीसारखा हवा: दहा फूट व्यास, मध्ये फूटभर खोली, सर्व बाजूंनी मंद उतार आणि खरखरीत पृष्ठभाग. प्लास्टिकच्या कागदावर खुरे घसरतात आणि नखांनी तो फाटतो. भर उन्हात केलेल्या काँक्रीटला किमान आठवडाभर ओले पोते पांघरून पाणी मारले नाही तर तडे जातात आणि पहिलाच टँकर जमिनीत जिरतो. असा पाणवठा हजार-बाराशे लिटरांत भरतो. मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर पाणी उडून जाते, म्हणजे सत्तरेक लिटर. प्राणी पितात ते वेगळे. आठवड्याला किमान पाचशे लिटरची सोय पावसापर्यंत होणार नसेल तर बांधूच नये, कारण सवय लागलेली जनावरे रिकाम्या बशीशी येऊन थांबतात.

जागा रस्त्यालगत किंवा वस्तीलगत नको. पाण्यामागे हरणे येतात आणि हरणांमागे बिबट्या. वनजमिनीवर आधी वन विभागाची परवानगी घ्यावी. त्याआधी जुना झरा शोधावा. गाळ आणि पाला हाताने काढला की तो पुष्कळदा पुन्हा पाझरू लागतो. तिथे जेसीबी घालू नये. तळाची चिकणमाती फुटली की उरलेसुरले पाणीही खाली जाते.

विहिरींचे काम तर याहून स्वस्त. जुन्नर भागात बिबटे विहिरीत पडल्याच्या बातम्या नित्याच्या आहेत. लहान प्राण्यांची बातमीही होत नाही. बिनकठड्याच्या विहिरीला तीन-चार फूट उंच कठडा बांधावा. तोवर बांबूची शिडी किंवा गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून वर पक्का बांधावा. पाणी तळाला असते तेव्हा, म्हणजे आताच, हे सोपे जाते.

मंडळांनी पाचशे परळ वाटण्याऐवजी पन्नासच ठेवावेत आणि प्रत्येकावर रोज घासणाऱ्याची पाळी लावावी. उरलेले पैसे दोन विहिरींच्या कठड्यांना लावावेत. पहिला मोठा पाऊस झाला की परळ घासून, कडक वाळवून पालथे घालून ठेवावेत. न फुटलेले पुढच्या मार्चला कामी येतात.

– पाखरांवर लक्ष ठेवून असलेले काही वाचक, सातारा