साडेआठचं रीडिंग

मुंबई,
रविवार दुपार

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोन तर रोजच होतो. आई विचारते, "आज काय केलंस?" आणि मी म्हणते, "काही नाही गं, लॅबमध्येच होते." पीएच.डी.ला लागून चार वर्षं झाली, चार वर्षं हेच उत्तर. माझा सगळा दिवस जिथे जातो तिथलं तुम्हाला एवढंच कळावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

आधी रात्री अकराला मी लॅबमध्ये का जाते ते सांगते, कारण आई, त्यावरून तुझी झोप उडते. केळं जास्त पिकलं की भोवती चिलटं जमतात ना, त्यातलीच फळमाशी माझ्या कामाची. काचेच्या नळ्यांत आम्ही त्या वाढवतो. 25 अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात. कुठल्या मादीची जोडी कुठल्या नराशी लावायची हे प्रयोगात आपल्या हातात राहावं लागतं. मादी कोशातून बाहेर आली की साधारण 8 तासांनी नराला जवळ करू लागते, त्याच्या आत ती वेगळी काढली नाही तर पुढची सगळी मोजणी वाया. म्हणून सकाळी सातला नळ्या रिकाम्या करायच्या, दुपारी जन्मलेल्या वेचायच्या, रात्री पुन्हा वेचायच्या आणि नळ्या 18 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. गारव्यात माश्यांची वाढ मंदावते, तेवढी मला झोप मिळते. वेचायचं म्हणजे त्यांना वायूने गुंगी आणून सूक्ष्मदर्शकाखाली रंगाच्या ब्रशने एकेक बाजूला सारायची. नराच्या पोटाचं टोक काळं. आत्ताच जन्मलेली माशी पांढुरकी असते आणि तिच्या पोटात एक काळसर ठिपका दिसतो. असे ठिपके मी दिवसाला शेकड्यांनी पाहते. इमारतीत रखवालदार असतो, दुसऱ्या लॅबमधल्या दोघी-तिघी त्याच वेळी आलेल्या असतात आणि हॉस्टेल आवारातच आहे. आता निर्धास्त झोप.

हे इतकं सरळ सांगता येतं, हे मला माझ्या एका मैत्रिणीमुळे कळलं. ती मराठी घेऊन एम.ए. करते. मागच्या पावसाळ्यात हार्बर लाइनची गाडी कुर्ल्याच्या अलीकडे तासभर उभी होती, तेव्हा तिने विचारलं, "शास्त्रज्ञ सकाळी उठून नेमकं काय करतात गं? शोध तर रोज लागत नसतील." मी तिला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये घेऊन गेले. दिवसभर ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली, वहीत लिहीत राहिली. ते वाचताना माझाच दिवस मला पहिल्यांदा दिसला.

त्यातून आमचं काम सुरू झालं. आता सात कॉलेजांतली वीसेक मुलं आहोत. विज्ञानाची आहेत, तशी कॉमर्सची, इतिहासाची, चित्रकलेचीही आहेत. दर रविवारी भेटतो. नियम एकच: प्रयोगशाळेत दोघांनी जायचं, एक त्या विषयातला आणि एक त्यातलं काही न कळणारा, आणि लिहायचं न कळणाऱ्याने. विषयातल्याने फक्त चुका काढायच्या. न कळणारा माणूस तो प्रश्न विचारतो जो आम्हाला विचारायची लाज वाटते, आणि बहुधा तोच वाचणाऱ्यालाही पडलेला असतो. लिहून झालं की चित्रांसकट मोठ्या कागदावर हाताने उतरवतो आणि सातही कॉलेजांत भित्तिपत्रक लावतो. मराठीत. शाळांतूनही आता मागणी येते आहे.

आई, आमच्या प्रश्नांत पहिला प्रश्न तुझा आहे: "दिवसभरात जेवलात कधी?" तू रोज मला हेच विचारतेस हे मी मैत्रिणीला सांगितलं आणि तिने तो वहीच्या पहिल्या ओळीत लिहिला. त्या एका प्रश्नाने माणसं जितकी बोलती होतात तितकी संशोधनाच्या प्रश्नांनी होत नाहीत.

पहिलं भित्तिपत्रक आमच्याकडे माश्यांचं अन्न शिजवणाऱ्या काकांवर केलं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर (चायना ग्रास) हे मोठ्या पातेल्यात सकाळी चढवायचं, बुरशी धरू नये म्हणून औषध घालायचं, मग शेकडो नळ्यांत ओतून गार करायचं. त्यांचं पातेलं बिघडलं तर अख्ख्या मजल्याचं संशोधन थांबतं, तरी त्यांचं नाव कुठल्याच शोधनिबंधावर येत नाही. मला हे पटत नाही. तो कागद नोटीस बोर्डावर लागला तेव्हा त्यांनी मुलीला मुद्दाम दाखवायला आणलं होतं.

मग बरेच झाले. एका गणितज्ञाने दिवसभर फळा लिहिला आणि संध्याकाळी स्वतःच पुसला, त्याचं पत्रक मला फार आवडतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मुलाने हाफकिन यांच्यावर लिहिलं. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या लसीसाठी जंतू वाढवायचे ते चंबूतल्या रश्श्यावर तूप तरंगत ठेवून, आणि तुपाच्या थेंबांखाली जंतूंच्या झुंबरासारख्या लोंब्या धरायच्या. चंबू हलला तर लोंब्या तुटायच्या. म्हणजे आठवडेच्या आठवडे न हलवता राखण! ती राखणच आम्हाला लिहायची होती.

समुद्री जीव मोजणाऱ्या एका बाईंचा दिवस तर पंचांगावर चालतो. बाबा, तुम्हाला सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते, तेव्हाच हाजी अलीजवळचे खडक उघडे पडतात. अलिबागच्या किल्ल्यात चालत जायला आपण जी वेळ बघायचो तीच त्यांची ऑफिसची वेळ. प्लॅस्टिकच्या पाइपचा चौकोन खडकावर टाकायचा, त्याच्या आतलं सगळं मोजायचं आणि पाणी चढायच्या आत पुढचा चौकोन. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, त्या घरी लिखाण करतात.

भांडणंही होतात. मागच्या जुलैत दमट हवेत माझ्या नळ्यांना बुरशी लागली आणि पाच महिने जोपासलेला माश्यांचा एक वाण गेला. तेव्हा मी तुम्हाला फोनवर "सर्दी झालीये" म्हटलं होतं. ते मैत्रिणीने पत्रकात लिहिलं आणि आमच्यातल्याच एकाने म्हटलं, हे कशाला, लोकांना वाटेल शास्त्रज्ञांना काही जमत नाही. दोन रविवार वाद चालला. शेवटी ठरलं, ज्याचा दिवस आहे त्याला मजकूर वाचून दाखवायचा, चुकीची माहिती बदलायची, पण फसलेलं गाळायचं नाही. माझ्या बुरशीचा परिच्छेद तसाच राहिला. तो वाचून एका अनोळखी मुलीने मला जिन्यात थांबवून सांगितलं की तिचेही दोन महिने असेच गेलेत.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते.

इतिहासाच्या एका मुलाने कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेवर लिहायला घेतलं. तिथे 1841 पासून चुंबकसूचीची, म्हणजे चुंबकीय सुईची, रीडिंग घेत. दर तासाला, दिवसा-रात्री, डोळ्यांनी बघून वहीत. सूची अस्वस्थ झाली तर दर 15 मिनिटांनी, दर 5 मिनिटांनी. सप्टेंबर 1859 च्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरून उठलेलं ते प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हाही कुणीतरी कुलाब्यात बसून आकडे लिहीत होतं. 144 वर्षांनी, 2003 मध्ये, आपल्या भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच आकड्यांवरून वादळाची ताकद मांडली: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (ते मोजायचं एकक) घसरण. आकडे लिहीत बसलेल्या त्या माणसाला हे कधी कळलं नाही. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या विजेने सूची बिघडेल म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये नवी वेधशाळा उभारली, ती आपल्या अलिबागला. ट्राम 1907 मध्ये धावली. त्याआधी दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच रीडिंग घेतली, जुने आणि नवे आकडे जुळावेत म्हणून.

बाबा, अलिबागच्या त्या वेधशाळेच्या कुंपणाशी उभं राहून तुम्ही मला सांगायचात, "आत लोखंड नेत नाहीत." का, ते मला आत्ता नीट कळलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र तुम्ही होतात. तहसील कचेरीत कारकून असताना पावसाळाभर साडेआठच्या ठोक्याला पर्जन्यमापकाशी उभे असायचात. रविवार असो, गणपती असो. 27 जुलै 2005 च्या सकाळीही छत्री उलटी होत असताना गेलात. सांताक्रूझच्या 944 मिलिमीटरचा आकडा त्याच सकाळी साडेआठला पूर्ण झाला, आणि कुलाब्याला 73. एकाच शहरात इतका फरक, हे जगाला कळलं ते दोन्ही ठिकाणी कुणीतरी मोजलं म्हणून. आणि तो तुमचा हट्ट मला पक्का आठवतो: 2.5 मिलिमीटर झाला तर पावसाचा दिवस धरतात, पण 2.4 आलं तर 2.4 च लिहायचं.

निवृत्तीनंतर अंगणात स्वतःचं मापक ठेवलंत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आई उकिडवी बसून काचेवरची रेघ वाचते, पाण्याच्या कमानीचा खालचा तळ बघून, आणि तुम्ही डायरीत लिहिता. हे मी ग्रुपमध्ये सांगितलं तर सगळे एकदम म्हणाले, पुढचं पत्रक यांच्यावर. दोघांवर. नाही म्हणू नका. "आम्ही कसले शास्त्रज्ञ" असं तुम्ही म्हणणार, ते मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी मी आणि मैत्रीण तुमच्याकडे असू. साडेआठचं रीडिंग चुकायला नको म्हणून शुक्रवारीच निघू, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने, नाहीतर पनवेलहून एसटीने. जुन्या डायऱ्या माळ्यावरून मी आल्यावर काढू, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. लिहिणार ती, मी फक्त चुका काढणार, आणि तुमच्या विषयात मला तेवढंही जमेल का, माहीत नाही. आई, पहिला प्रश्न तुझाच आहे, तेव्हा त्याचं उत्तर तूच द्यायचंस. बाबांना पुढे करू नकोस. मैत्रिणीला मासे चालतात.

तुमची लेक