वृंदाला, बॅग भरण्याआधी

ल्यों, १४ सप्टेंबर

प्रिय वृंदा,

तुझा निरोप वाचला आणि आधी पोटभर हसून घेतलं. "फ्रेंच बायकांसारखं दिसायला काय काय घेऊ, यादी पाठव, बजेट चाळीस हजार." अगं, सहा महिन्यांसाठी येतेस, तेही दिवसभर प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभी राहायला! आणि मी ल्योंला राहते, पॅरिस इथून ट्रेनने दोन तासांवर आहे, हे तू दर वेळी विसरतेस.

यादी देते. पण आधी माझी फजिती ऐक. नऊ वर्षांपूर्वी मीही अशीच यादी करून आले होते. पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, बेज ट्रेंच कोट, लाल लिपस्टिक आणि डोक्यावर बेरे टोपी. पहिल्याच शनिवारी सगळं एकदम अंगावर चढवून बाजारात गेले. भाजीवाल्याने माझ्याशी थेट इंग्रजीतच सुरुवात केली. एवढ्या मोठ्या बाजारात असा साज केलेल्या आम्ही दोघीच होतो आणि दुसरीच्या हातात सेल्फी स्टिक होती. तेव्हा बेरे आणू नकोस. ती टोपी मूळची पिरेनीजच्या डोंगरातल्या मेंढपाळांची, त्यांनाच शोभते.

पट्ट्यांचा टी-शर्ट मात्र जरूर आण, कारण तो खरंच रोज घातला जातो. इथे त्याला मारिनिएर म्हणतात. मूळचा तो खलाशांचा आतला कपडा, म्हणजे आपल्याकडच्या बनियनच्या जातीचा. २७ मार्च १८५८ च्या सरकारी आदेशाने तो फ्रेंच नौदलाच्या गणवेशात आला, आणि त्यात पट्ट्यांचंसुद्धा माप ठरवून दिलेलं होतं : अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येक २० मिलिमीटरचा, आणि मधले निळे त्याच्या निम्मे, १० मिलिमीटरचे. नेपोलियनने २१ लढाया जिंकल्या म्हणून २१ पट्टे, असं लोक हौसेने सांगतात. ते दंतकथेतच राहू दे. पण माप लक्षात ठेव. दुकानात जे 'फ्रेंच स्ट्राइप' म्हणून विकतात त्यात बहुतेकदा निळा आणि पांढरा सारखेच रुंद असतात, आणि मग तो टी-शर्ट नाइट ड्रेससारखा दिसतो. कापड जाडसर घे, गळा रुंद, खांद्याला खांदा असा. नॉर्मंडी आणि ब्रिटनीत अजूनही हे विणणारे जुने कारखाने आहेत. तिथला एक इथे आल्यावर घेऊ. पुण्यातून तीन नकोत.

ट्रेंच कोटाबद्दल तुझी समजूत काढायला हवी. एक तर तो फ्रेंच नाहीच. इंग्रजांचा. पहिल्या महायुद्धात त्यांचे अधिकारी खंदकांत घालत, म्हणून नाव ट्रेंच. आणि दुसरं म्हणजे तू जानेवारीत येतेस. त्या कोटाला ना धड अस्तर, ना ऊब. माझा पहिला हिवाळा मी त्यात कुडकुडत काढला, केवळ यादीत होता म्हणून. जानेवारीला लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा कोट लागतो, नेव्ही ब्लू. तोही तिथून आणू नकोस. इथे सेल सरकारने ठरवलेल्या तारखांना, वर्षातून दोनदाच लागतो. हिवाळ्यातला साधारण जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि चार आठवडे चालतो. तू उतरशील ती ऐन वेळ आहे. पहिले आठ दिवस माझा जुना कोट घाल.

आता काळ्या रंगाचं. काकूंना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे फोटो बघून त्या हाय खाणार नाहीत. आपल्याकडे संक्रांत सोडली तर काळं म्हटलं की घरात कपाळाला आठ्या पडतात. इथे काळा, नेव्ही, राखाडी, पांढरा, थोडा उंटाचा रंग, एवढ्यावर माणसं वर्ष काढतात. त्याचा फायदा मला उशिरा कळला : कपाटातलं काहीही कशावरही चालतं, सकाळी डोकं चालवावं लागत नाही. १९२६ मध्ये अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाने फ्रेंच डिझायनर शानेलच्या साध्या काळ्या झग्याचं चित्र छापलं आणि त्याची तुलना फोर्ड गाडीशी केली, की हा आता सगळ्या बायका वापरणार. तुला तसला झगा घ्यायची गरज नाही. तुझ्या आजीची चंद्रकळा आण. मी माझी एका लग्नाला नेसले होते, तर शेजारच्या टेबलावरच्या दोघी काठ हातात घेऊन बघायला आल्या.

पँटचा एक किस्सा सांगते, मग कामाचं. पॅरिसमध्ये १८०० सालचा एक पोलिसी हुकूम होता : बाईला पुरुषी पोशाख करायचा असेल तर पोलिसांची परवानगी घ्यायची. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली, ती कशी? हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल! पुढे पुढे तो हुकूम कोणी पाळत नव्हतं, पण कागदावरून रद्द झाल्याचं एका मंत्रीणबाईंनी जाहीर केलं ते थेट २०१३ मध्ये. मी जीन्समध्ये ऑफिसला जाताना कधीकधी उगाच सायकलचं हँडल घट्ट धरते.

तर कामाचं. माझ्या खालच्या मजल्यावर एक मादाम राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे एकूण किती कपडे असतील? मी मोजले नाहीत, पण एका लहान कपाटात मावतात आणि दार लागतं. त्यांचा निळा कोट त्यांनी दोनदा अस्तर बदलून घेतलाय. पांढऱ्या शर्टाची कॉलर झिजली तेव्हा उसवून उलटी करून पुन्हा लावून घेतली, माझे आजोबा करायचे तस्सं. मी त्यांना एकदा विचारलं, की कपडे कुठून घेता? त्या म्हणाल्या, कुठूनही, पण शिंप्याकडून आल्याशिवाय घालत नाही. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर, बाही मनगटाला संपलेली, पँट घोट्याशी. बस. तयार कपडा दुकानातून आणला तसाच घालणं त्यांना अर्धवट शिजलेल्या भातासारखं वाटतं.

आणि शिंपी इथे महाग आहे गं. साधी पँटची दुमड मारायला मला पंधरा युरो पडले. कपडे आणि बूट दुरुस्त करून घ्यावेत म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरपासून ठरावीक दुकानांत ६ ते २५ युरोपर्यंत सवलत मिळते, पण ती फाटक्या-उसवलेल्याला, मापाला करून घ्यायला नाही. म्हणून चाळीस हजारांतले पाच तू गल्लीतल्या शिंपीकाकांना दे. आहे तो पांढरा सुती शर्ट, गडद निळी जीन्स, काळी पँट आणि तुझा तो ऑफिसचा ब्लेझर, चारही मापाला करून घे. मार्जिन कापू देऊ नकोस, इथल्या चीज-ब्रेडने तुला ते उसवावं लागणार आहे.

स्कार्फ विकत घेऊ नकोस, मी देते. हे गावच रेशमाचं. क्रुआ-रूसच्या टेकडीवर विणकरांची घरं अजून आहेत, उंच माग मावावेत म्हणून छतं चार-चार मीटर उंच बांधलेली. एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीचा १९३७ पासूनचा प्रसिद्ध चौकोनी रुमाल, ९० सेंटिमीटरचा, तोही छापला जातो ल्योंच्या परिसरातच. आपल्याला तो परवडत नाही. मी जुन्या बाजारातून विनानावाचे दोन उचललेत, कडा हाताने गुंडाळून शिवलेल्या. पण आईची काश्मिरी शाल आण. नेपोलियनच्या काळात इथल्या बायका त्या शालींपायी वेड्या झाल्या होत्या. आणि त्याआधी, १६८६ पासून १७५९ पर्यंत, आपल्याकडच्या छापील सुती कापडावर इथे बंदी होती, कारण इथल्या रेशीम आणि लोकरवाल्यांचा धंदा बसत होता. तरी बायका ते चोरून वापरायच्याच. ज्या घराण्यातल्या तुझ्या साड्या, त्याच घराण्यातलं कापड हे. तेव्हा तुझा तो कलमकारी कुर्ता बिनधास्त भर.

बूट : एक चांगला, चामड्याचा, तळवा बदलता येईल असा. इथले रस्ते दगडी आहेत, टाचा विसर.

आता माझं काम. माझ्या नेव्ही ब्लेझरची दोन बटणं गेली आहेत आणि इथे तशी मिळेनात. रविवार पेठेत नक्की मिळतील. चार भोकांची, गडद निळी, २० मिलिमीटर, चमकणारी नकोत. सहा आण, जास्तीची असू देत. नमुन्याचं बटण या पत्रासोबत पाठवते आहे. ते मात्र हरवू नकोस, शेवटचं आहे.

तुझीच,
शलाका