सम्या, राउटर आण, पण केबल नीट लाव

प्रिय सम्या,

बडोद्याला हॉस्टेलवर येताना घरचा जुना राउटर बॅगेत टाकू का म्हणून विचारलंस, तर टाक रे, वायफाय जिन्याजवळ फुल्ल आणि खोलीत एक दांडी असा प्रकार आहे. फक्त आधी रेक्टर सरांना विचार, आमच्या ब्लॉकला मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नंबर) रजिस्टर करावा लागतो, म्हणजे उद्या तुझ्या वायफायवरून कोणी काही उद्योग केले तर नाव तुझंच निघणार, म्हणून पासवर्ड अख्ख्या विंगला वाटत बसू नको.

आता खरी गोष्ट. भिंतीतल्या पॉइंटची केबल वॅन पोर्टातच (बाहेरचं नेट आत येतं तो) घालायची, तो बाकीच्यांपासून जरा वेगळा असतो, बऱ्याचदा निळा. मागच्या सेमला एका ज्युनियरने ती लॅनमध्ये, म्हणजे खोलीतली यंत्रं जोडायच्या पोर्टात, खुपसली आणि ऐन सबमिशनच्या रात्री मजल्याचं नेट गेलं, सगळे कॉलेजच्या नेटला शिव्या घालतायत, तोही त्यांच्यातच! राउटरमध्ये डीएचसीपी असतो, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटणारा. केबल लॅनमध्ये गेली की तो खोलीपुरता न राहता मजलाभर वाटत सुटतो, आणि ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचाच आयपी लॅपटॉप बहुतेक वेळा घेतो. मग गेटवे (बाहेरच्या नेटचं दार) कोण, तर त्या पोराचा डबा, आणि त्याच्या वॅनला काहीच जोडलेलं नाही, नेट येणार कुठून? त्यात ज्यांच्याकडे आधीचा आयपी होता त्यांचं मस्त चालू, त्यामुळे कोणाचा कोणावर विश्वास नाही.

शेवटी माझ्या रूममेटने लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही कमांड मारली, आमचा आयपी एरवी १० ने सुरू होतो, तर गेटवे दिसला १९२.१६८.०.१. मग एआरपीमधून (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, ती यादी) त्याचा मॅक काढला आणि दारोदार फिरून राउटर उलटे करून स्टिकर बघितले, तेव्हा सापडला. खरं तर मजल्याच्या केबली जोडणाऱ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपीला अडवणारी सोय) चालू असतं तर असल्या ऑफर तिथेच अडल्या असत्या, पोराला एकट्याला झोडण्यात अर्थ नव्हता. पण ते आपल्या हातात नाही, केबल आहे. आणि लॅन पोर्टच वापरायचा असेल तर आधी डीएचसीपी बंद कर, लॅनचा आयपी बदल, मग तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा, होतो.

तुझा राउटर ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) असेल तर ५ गिगाहर्ट्झच वापर, तो भिंतीपलीकडे फार जात नाही, इथे तेच बरं. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत आणि इथे खोलीखोलीत राउटर, म्हणजे नुसता मासळीबाजार. गेमिंगला नॅट स्ट्रिक्ट दाखवेल, डबल नॅटमुळे (आयपी एकदा तुझा राउटर बदलतो, एकदा कॉलेजचा), त्याला इलाज नाही, रडू नको.

केबल घरून आणू नको, पॉइंट कुठे आहे ते बघून सयाजीगंजातून घेऊ. रविवारी दांडिया बाजारात मावशीकडे जेवायला जायचंय, तिला तू येतोयस हे सांगून टाकलंय. काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या